माकडताप व त्याचा सह्याद्रींतील प्रसार



नीतिसूत्रांचा कर्ता आळशी मनुष्याला मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकावयास सांगतो. मुंगी उद्योगी व दूरदर्शी असल्यामुळें तिचें उदाहरण घेणें सोपें आहे. आज आपण ज्या प्राण्याकडे जाणार आहोंत, त्याच्या अंगीं मात्र स्तुति करण्यासारखा एकहि गुण दिसत नाहीं. तो सांठा करीत नाहीं, घर बांधीत नाहीं. गवताच्या किंवा पाल्याच्या टोंकावर स्वस्थ बसून राहतो व दुसऱ्याच्या रक्तावर जगतो. हा प्राणी म्हणजे गोचीड. गाईगुरांच्या अंगावर तुम्हीं ती पुष्कळ वेळां पाहिली असेल. परंतु या क्षुद्र प्राण्याचा अभ्यास न केल्यास मनुष्याला केवढी किंमत द्यावी लागते, हें आपल्याच सह्याद्रीच्या रानांतील एका रोगानें दाखवून दिलें आहे. त्या रोगाला आपल्याकडे माकडताप म्हणतात. तो कोठें प्रथम ओळखला गेला, कसा होतो, कोठकोठें पसरला आणि त्यापासून आपला बचाव कसा करावा, याचा क्रमानें विचार करूं.

रोगाची पहिली ओळख

कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्यांत, ज्याला आतां शिवमोग्गा म्हणतात, सोरब नांवाचा तालुका आहे. त्या वेळीं हा मुलूख म्हैसूर राज्यांत मोडत असे. तेथें क्यासनूर नांवाचें रान आहे. १९५७ सालच्या प्रारंभीं त्या भागांतील रानांत वानरें व माकडें मरून पडूं लागलीं. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसेंहि कडक तापानें आजारी पडलीं व त्यांपैकीं कांहीं दगावलीं. प्रथम हा विषमज्वर असावा असें वाटलें. परंतु माणसांचा ताप व माकडांचें मरण या दोन गोष्टी एकाच वेळीं व एकाच ठिकाणीं घडत होत्या, ही बाब लक्ष वेधून घेणारी होती.

पुणें येथें १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें होतें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. माकडें मरत असल्याची वार्ता तेथें पोंचतांच शास्त्रज्ञांच्या मनांत एक भयंकर शंका आली. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत पीतज्वर नांवाचा घातक रोग आहे. तो डांसांमुळें पसरतो व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत त्यानें माकडेंहि मरतात. हिंदुस्थानांत पीतज्वर कधींच आलेला नाहीं. परंतु तो वाहून नेणारा डांस येथें घरोघरीं आहे. तेव्हां पीतज्वरानें या देशांत पाऊल तर टाकलें नाहीं ना, हा प्रश्न उभा राहिला. डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो व त्यांचे हिंदी सहकारी यांनीं तपास हातीं घेतला.

त्यांनीं काय केलें, हें नीट पाहण्यासारखें आहे. रोग्यांचें रक्त व मेलेल्या माकडांच्या शरीरांतील अंश घेऊन ते प्रयोगशाळेंतील उंदरांच्या लहान पिल्लांना टोंचले. पिल्लें आजारी पडलीं व त्यांच्यापासून एक विषाणु वेगळा काढतां आला. माणसांत व माकडांत सांपडलेला विषाणु एकच ठरला. मग जगांतील इतर ज्ञात विषाणूंशीं त्याची तुलना केली. तो पीतज्वराचा निघाला नाहीं. त्याचें जवळचें नातें निघालें तें दूर रशियांतील एका मेंदूज्वराशीं. तो मेंदूज्वर रशियाच्या पूर्वेकडील अरण्यांत १९३७ सालीं संशोधकांनीं ओळखला होता व तो डांसांमुळें नव्हे, तर गोचिडींमुळें होतो हेंहि ठाऊक होतें. नात्यावरून वाहकाचा सुगावा लागला. क्यासनूरच्या रानांतील गोचिडी गोळा करून तपासल्या, तेव्हां त्यांतहि तोच विषाणु मिळाला. अशा रीतीनें पुरावा पुरा झाला व रोगाला क्यासनूर अरण्यरोग हें नांव पडलें. कानडी लोक त्याला मंगन कायिले, म्हणजे माकडाचा आजार, असें म्हणतात.

या शोधाची किंमत शास्त्रज्ञांनींहि दिली. विषाणूवर काम करीत असतां प्रयोगशाळेंतील अनेकांना हाच ताप आला. आज आपण पुस्तकांत एका ओळींत वाचतों तें ज्ञान कोणाच्या तरी जिवाला धोका पत्करून मिळालेलें असतें, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

गोचिडीचें आयुष्य

पुष्कळ लोक गोचिडीला किडा म्हणतात. परंतु शास्त्रदृष्ट्या ती कीटकवर्गांतील नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. प्रौढ गोचिडीला आठ असतात. ती कोळी व विंचू यांच्या गोतांतील आहे. तिला पंख नाहींत व उडीहि मारतां येत नाहीं. गवताच्या किंवा झुडपाच्या टोंकाशीं बसून पुढचे पाय पसरावयाचे व जाणाऱ्या येणाऱ्या प्राण्याचा स्पर्श होतांच त्याला चिकटावयाचें, एवढीच तिची शिकारीची रीत होय.

माकडतापाचा विषाणु वाहणाऱ्या गोचिडींमध्यें प्रमुख जातीचें शास्त्रीय नांव हीमाफायसालिस स्पिनिजेरा असें आहे. तिच्या आयुष्याचे, अंडें सोडून, तीन टप्पे आहेत. अंड्यांतून प्रथम सहा पायांची बारीक अळी निघते. ती एखाद्या प्राण्याचें रक्त पिऊन गळून पडते व कात टाकून आठ पायांचें पिल्लू बनते. तें पिल्लू दुसऱ्या प्राण्याचें रक्त पितें, पुन्हां गळून पडतें व प्रौढ होतें. प्रौढ गोचीड तिसऱ्या प्राण्याच्या, विशेषतः गुरांसारख्या मोठ्या प्राण्याच्या, अंगावर पोट भरते. नंतर मादी जमिनीवर उतरून पुष्कळ अंडीं घालते व मरते. म्हणजे एका आयुष्यांत तीन वेळां जेवण व तीन निरनिराळे यजमान.

आतां या टप्प्यांची ऋतूंशीं सांगड घाला. प्रौढ गोचिडी पावसाळ्यांत अधिक असतात. पावसाळा सरल्यावर अळ्यांचा सुकाळ होतो. डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत पिल्लांची संख्या वाढते. मनुष्याला मुख्यतः हीं पिल्लेंच चावतात. तीं आकारानें इतकीं बारीक असतात कीं अंगावर चढलेलीं कळतहि नाहींत. म्हणून माकडतापाचा हंगाम साधारणपणें डिसेंबरांत सुरू होतो, उन्हाळ्यांत जोर करतो व पाऊस पडूं लागला म्हणजे ओसरतो. रोगाचें पंचांग हें गोचिडीचेंच पंचांग आहे.

अळीच्या अवस्थेंत रक्ताबरोबर शिरलेला विषाणु कात टाकल्यानंतरहि गोचिडीच्या शरीरांत टिकून राहतो. त्यामुळें हिंवाळ्याच्या आरंभीं आजारी माकडाचें रक्त प्यालेली अळी उन्हाळ्यांत पिल्लू होऊन मनुष्याला विषाणु देऊं शकते. रोग देणारा प्राणी व रोग घेणारा मनुष्य यांची गांठ कधीं पडलेलीच नसते. दोघांमध्यें निरोप्याचें काम ही गोचीड करते.

माकडाचा दोष किती ?

रोगाच्या नांवांत माकड आलें म्हणून सारा दोष त्याच्या माथीं मारण्याचा मोह होतो. हें न्यायाचें नाहीं. काळ्या तोंडाचें वानर व तांबड्या तोंडाचें माकड हीं दोन्हीं या रोगानें आपल्यासारखींच आजारी पडतात व मोठ्या संख्येनें मरतात. विषाणु रानांतील उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत व गोचिडींत गुपचूप नांदत असतो. माकडाला त्याची लागण झाली म्हणजे त्याच्या रक्तांत विषाणु अतिशय वाढतो व त्याच्या अंगावरील असंख्य गोचिडी विषारी होतात. माकड मेलें कीं शरीर थंड पडतें व त्या गोचिडी खालीं उतरतात. ज्या झाडाखालीं माकड मेलें, तेथील जमीन कांहीं काळ अत्यंत धोक्याची होते, ती यामुळें.

तेव्हां मेलेलें माकड हा रानानें आपल्याला दिलेला इशारा आहे. माणसें आजारी पडण्यापूर्वीं तो पुष्कळदां मिळतो. जो इशारा देतो त्यालाच काठी घेऊन मारावयास धांवणें म्हणजे गांवच्या पहारेकऱ्यालाच चोर समजून बडविण्यासारखें आहे. शिवाय मारलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी मारणाऱ्याच्याच पायाशीं उतरतील, हेंहि ध्यानांत असावें.

गुरांचा संबंध निराळा आहे. गुरांमुळें विषाणूची फारशी वाढ होत नाहीं. परंतु प्रौढ गोचिडीला पोटभर रक्त त्यांच्याकडून मिळतें. रानांत गुरें चरूं लागलीं म्हणजे गोचिडींचा वंश वाढतो, आणि गोचिडी वाढल्या म्हणजे विषाणूला वाहनें वाढतात.

रोगाचीं लक्षणें

विषारी गोचीड चावल्यापासून साधारणतः तीन ते आठ दिवसांनीं थंडी वाजून एकाएकीं जोराचा ताप भरतो. कपाळ विलक्षण दुखतें. पाठ, पोटऱ्या व सर्व स्नायू ठणकतात. डोळे लाल होतात. वांत्या व जुलाब होतात व अतोनात अशक्तता येते. कांहीं रोग्यांच्या हिरड्यांतून, नाकांतून किंवा आंतड्यांतून रक्त जातें. ताप एक-दोन आठवडे टिकतो. पुष्कळ रोगी यानंतर बरे होतात, तरी अंगांत पूर्वींची शक्ति येण्यास बराच काळ लागतो. कांहीं थोड्या रोग्यांना मात्र ताप उतरून बरें वाटूं लागल्यावर, एक-दोन आठवड्यांनीं, पुन्हां ताप चढतो व त्या वेळीं मान ताठणें, हातपाय कांपणें, भ्रम होणें अशीं मेंदूच्या विकाराचीं चिन्हें दिसतात. शंभर रोग्यांपैकीं सुमारें तीन ते पांच दगावतात.

हा रोग एका मनुष्यापासून दुसऱ्या मनुष्याला होत नाहीं. हें वाक्य पालकांनीं दोनदां वाचावें. रोग्याजवळ बसल्यानें, त्याला पाणी पाजल्यानें किंवा त्याचें अंथरूण घातल्यानें गोचीड चावत नाहीं. म्हणून भयानें शेजाऱ्याचें दार टाळणें हें अज्ञान तर आहेच, पण वाटेवर जखमी पडलेल्याला पाहून दुसऱ्या बाजूनें निघून जाणाऱ्यांच्या पंक्तीला बसणेंहि आहे.

या विषाणूला मारणारें खात्रीचें औषध अद्याप नाहीं. परंतु उपाय नाहीं असा त्याचा अर्थ करूं नये. शरीरांतील पाणी कमी होऊं न देणें, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणें, ताप व वेदना योग्य औषधानें शमविणें या शुश्रूषेनें पुष्कळ प्राण वांचतात. मात्र ती वेळेवर मिळाली पाहिजे. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनीं रक्तस्राव वाढण्याचा संभव असल्यामुळें त्या आपल्या मनानें घेऊं नयेत.

एका तालुक्यापासून पांच राज्यांपर्यंत

आतां भूगोलाचा नकाशा पुढें घ्या व सह्याद्रीच्या रांगेवर बोट ठेवा. प्रारंभींचीं कांहीं वर्षें हा रोग शिमोगा जिल्ह्यांतील सोरब, सागर व शिकारीपूर या शेजारच्या तालुक्यांतच दिसत असे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तो पश्चिमेस उत्तर कन्नड जिल्ह्यांत दिसूं लागला. १९८२-८३ सालीं दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील बेळ्तंगडी तालुक्यांत त्याचा मोठा उद्रेक झाला. तेथें काजूची लागवड करण्यासाठीं रान तोडण्यांत आलें होतें व त्यानंतर माकडें मरूं लागलीं. त्या साथींत हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

यानंतर बरींच वर्षें हा कर्नाटकाच्या कांहीं जिल्ह्यांचाच रोग समजला जाई. २०१२ सालीं हा समज मोडला. त्या वर्षाच्या अखेरीस बांदीपूरच्या व्याघ्र-अभयारण्यांत मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे वनखात्याचे लोक आजारी पडले; शेजारच्या तामिळनाडूंतील निलगिरि भागांतहि माकडांत विषाणु सांपडला. २०१३ मध्यें केरळच्या वायनाड जिल्ह्यांत व २०१४ मध्यें मलप्पुरम जिल्ह्यांत रोगी आढळले, आणि २०१५ मध्यें वायनाडांत मोठी साथ झाली. तिचा फटका रानाच्या आश्रयानें राहणाऱ्या आदिवासींना विशेष बसला. त्याच २०१५ सालीं उत्तर गोव्यांतील सत्तरी तालुक्यांत, पाली गांवीं, हा ताप प्रकट झाला. २०१६ च्या आरंभीं तो महाराष्ट्रांत सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यांत ओळखला गेला व त्या हंगामांत तेथें शंभरांहून अधिक रोगी निघाले. पुढच्या वर्षीं, २०१७ सालीं, सावंतवाडी तालुक्यांतील बांदा परिसराला त्यानें ग्रासलें. मूळच्या मुलखानेंहि त्याची संगत सोडली नाहीं: २०१९ च्या सुमारास सागर तालुक्यांतील अरळगोडु येथें अनेकांचे प्राण गेले, व २०२४ सालींहि शिवमोग्गा, उत्तर कन्नड व चिक्कमगळूरु या जिल्ह्यांत रोगी आढळले.

रोग पसरला कां ?

या प्रश्नाचें उत्तर देतांना घाई करूं नये. पहिली गोष्ट, "रोग नवा आला" व "रोग नव्यानें सांपडला" या दोन वाक्यांचा अर्थ भिन्न आहे. रशियांतील विषाणूशीं नातें दिसल्यामुळें, उत्तरेकडून थंडींत येणारे पक्षी आपल्या अंगावरील गोचिडींबरोबर हा विषाणु आणतात काय, अशी शंका निघाली होती. या शंकेच्या शोधासाठीं डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५९ पासून हजारों पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांची तपासणी केली. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाहीं; पक्ष्यांच्या प्रवासाविषयीं मात्र अमोल माहिती मिळाली. उलट, कच्छ व सौराष्ट्र या दूरच्या प्रदेशांतील कांहीं लोकांच्या रक्तांत या किंवा याच्या जवळच्या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्यें सांपडल्याचें पूर्वींच दिसून आलें होतें. तेव्हां विषाणु या देशांत १९५७ पूर्वींपासून रानांतल्या रानांत फिरत असावा, असें मानण्यास आधार आहे.

मग त्याच वेळीं त्यानें डोकें वर कां काढावें? डॉ. होर्हे बोशेल या कोलंबियाच्या शास्त्रज्ञानें १९६९ सालीं याचें एक विचार करण्याजोगें उत्तर मांडलें. लोकसंख्या वाढली, रान तोडून शेती व बागा झाल्या, उरलेल्या रानांत गुरें शिरलीं. गुरांमुळें गोचिडी माजल्या, आणि रानाच्या कडेला माणूस, गुरें, माकडें व उंदीर हीं सर्व एकाच पालापाचोळ्यांत एकत्र आलीं. विषाणु नवा नव्हता. त्याला मिळालेली संधि नवी होती. बेळ्तंगडीच्या काजूबागेची हकीगत या विचाराशीं जुळते.

दुसरी गोष्टहि सांगितली पाहिजे. पूर्वीं रानाकडेच्या खेड्यांत कोणी तापानें मेला तर "ताप आला व गेला" यापलीकडे कोणी चौकशी करीत नसे. २०१२ नंतर तपासणीच्या जलद रीती आल्या, अधिक ठिकाणीं नमुने तपासले जाऊं लागले व त्यामुळेंहि नवे जिल्हे यादींत आले. नकाशावर वाढलेल्या ठिपक्यांपैकीं कांहीं ठिपके रोगाच्या प्रवासाचे आहेत व कांहीं आपल्या उघडलेल्या डोळ्यांचे आहेत. दोहोंत भेद करणें हेंच शास्त्राचें काम होय.

लशीची हकीगत

रोग सांपडल्यावर लवकरच, रशियन मेंदूज्वरावरील लस येथें उपयोगी पडेल या आशेनें ती टोंचून पाहिली. विषाणू नात्याचे असले तरी लस निरुपयोगी ठरली. पुढें याच विषाणूला मारून त्यापासून लस तयार करण्यांत आली व १९९० पासून कर्नाटकांत ती दिली जाऊं लागली. परंतु तिचे दोन डोस व नंतर पुन्हां पुन्हां पुरवणी डोस घ्यावे लागत, व इतकें करूनहि ती सर्वांचें रक्षण करूं शकत नसे. पाहणींत असें दिसलें कीं दोन डोसांनीं सुमारें ६२ टक्के व पुरवणी डोसानंतर सुमारें ८३ टक्के संरक्षण मिळतें. पुष्कळ लोक एक डोस घेऊन थांबत. पुढें तिचा गुण उतरल्याचें आढळल्यामुळें २०२२ सालीं तिचा वापर बंद झाला. अधिक गुणकारी नवी लस बनविण्याचा उद्योग सुरू झाला आहे. तोंपर्यंत आपली सावधगिरी हीच आपली मुख्य ढाल आहे.

आपण काय करावें ?

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. रानांत जाऊं नका, असा उपदेश करणें सोपें आहे. परंतु तो कोणाला करावयाचा? काजूचीं बोंडें पिकतात तीं फेब्रुवारीपासून मेपर्यंत. भाजावळीसाठीं पातेरा गोळा करावयाचा, पावसाळ्याचें जळण आणावयाचें तें याच महिन्यांत. गरिबाच्या वर्षाच्या मिळकतीचा हंगाम व गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम एकच आहे. ज्याची चूल काजूवर पेटते त्याला घरीं बस म्हणणें म्हणजे उपाशी राहा म्हणणें होय. म्हणून काम सोडा असें न सांगतां, काम कसें करावें हें सांगणें अधिक प्रामाणिकपणाचें आहे.

१. रानांत किंवा काजूच्या बागेंत जातांना अंगभर कपडे घालावे. पायजम्याचीं टोंकें मोज्यांत खोंचावीं. उघड्या हातापायांस आरोग्यखात्याकडून मिळणारें गोचीड-प्रतिबंधक तेल लावावें.

२. पालापाचोळ्यावर थेट बसूं किंवा निजूं नये. विश्रांतीसाठीं मोकळी, स्वच्छ जागा निवडावी.

३. घरीं येतांच कपडे बाहेर काढून कढत पाण्यांत भिजवावे व साबण लावून ऊन पाण्यानें स्नान करावें. कांखा, जांघा, कानामागील भाग व केंस नीट तपासावे. लहान मुलांची तपासणी आईबापांनीं स्वतः करावी.

४. गोचीड चिकटलेली आढळल्यास ती चिमट्यानें कातडीजवळ धरून सरळ ओढून काढावी. ती बोटांनीं चिरडूं नये. तिच्यावर रॉकेल ओतूं नये किंवा तिला चटका देऊं नये. नंतर जागा साबणानें धुवावी.

५. मेलेलें वानर किंवा माकड दिसल्यास त्याला हात लावूं नये, मग तो कुतूहलानें असो वा भक्तिभावानें. त्या जागेपासून दूर राहून प्राथमिक आरोग्यकेंद्रास, ग्रामपंचायतीस किंवा वनखात्यास ताबडतोब कळवावें. सुमारें ५० फुटांच्या परिघांत जंतुनाशक भुकटी टाकून तेथील गोचिडी मारण्याची व्यवस्था असते.

६. गुरांच्या अंगावरील गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्यानें करावा, व साथीच्या दिवसांत रानांतला पातेरा आणून गोठ्यांत व घराजवळ पसरूं नये.

७. रानांत जाऊन आलेल्या मनुष्यास ताप भरल्यास "उन्हाचा असेल" म्हणून घरीं काढूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें व आपण कोठें गेलों होतों हें आपण होऊन सांगावें. डॉक्टरला आपल्या पायांची वाट ठाऊक नसते. ती सांगितली म्हणजे निदान लवकर होतें.

विद्यार्थ्यांना एक विशेष विनंती आहे. सुट्टींत तुमच्यापैकीं कित्येक जण काजूच्या कामांत आईबापांना हातभार लावतात. तुम्हीं येथें वाचलेलें घरांतील ज्या वडील माणसांना वाचतां येत नाहीं त्यांना समजावून सांगा. आजोबांना गोचीड सांगावी लागणार नाहीं. त्यांना ती तुमच्याहून अधिक ठाऊक असते. पण पाऊस, पिल्लें, माकड व ताप यांची सांखळी त्यांच्यापुढें मांडा आणि त्यांना काय दिसलें आहे तेंहि विचारा. शास्त्रज्ञ पुण्याहून क्यासनूरला गेले ते माकडें मेल्याची वार्ता ऐकून. ती वार्ता रानांत पडलेलीं माकडें पाहणाऱ्या कोणाकडून तरीच निघाली असली पाहिजे. पुढची वार्ता देणारा तुमच्यापैकीं कोणी असूं शकेल.

देवानें आदामाला बागेंत ठेवलें तें केवळ फळें खाण्यासाठीं नव्हे. त्या बागेची राखणहि त्याच्याकडे सोंपविली. सह्याद्रीचें रान ही आपल्या वांट्याला आलेली बाग आहे. तिच्यांत पाय कोठें ठेवावा व कुऱ्हाड कोठें थांबवावी, हें शिकणें आपल्या शरीराच्या आरोग्यासाठींहि आवश्यक झालें आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे हाच कां? गोचिडीच्या तीन अवस्थांच्या आधारें उत्तर द्या.

२. शास्त्रज्ञांना प्रथम पीतज्वराची शंका कां आली व ती कशी दूर झाली?

३. सह्याद्रीचा नकाशा काढून सोरब, बेळ्तंगडी, बांदीपूर, वायनाड, सत्तरी, दोडामार्ग व बांदा हीं ठिकाणें सालांसह दाखवा.

४. "माकडें मारलीं तर रोग जाईल," असें कोणी म्हटल्यास त्याला तुम्ही काय उत्तर द्याल?

५. तुमच्या घरांतील कोण कोण व कोणत्या महिन्यांत रानांत जातें, याची यादी करा व प्रत्येकाला वरील सात सूचनांपैकीं कोणत्या लागू पडतात तें त्यापुढें लिहा.